आधी देश, मग कोर्स

मुलुंडहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे वय ४७, शिक्षण बी.कॉम., आणि राष्ट्रीयीकृत बँकेत बावीस वर्षे नोकरी झाली आहे. सध्या त्या अधिकारी श्रेणीत आहेत. मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, यजमान खाजगी कंपनीत आहेत आणि सासूबाई सोबत राहतात. गेली काही वर्षे त्या दर रविवारी भांडुपच्या एका वाचनालयात दहावी-बारावी झालेल्या मुलींना इंग्रजी बोलायला शिकवतात, आणि आठवड्यातले तेवढेच दोन तास खरे आपले वाटतात, असे त्या लिहितात. बँक सोडून काही वर्षे परदेशात इंग्रजी शिकवावे, असे त्यांच्या मनात आहे. त्यांच्यासमोर तीन पर्याय आहेत: सुमारे दोन लाख रुपये खर्चाचा महिनाभराचा सेल्टा (इंग्रजी शिकवण्याचे केंब्रिजचे प्रमाणपत्र), काही हजारांत होणारा १२० तासांचा ऑनलाइन टेफल (परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा) कोर्स, किंवा दोन वर्षांचे बी.एड. त्या विचारतात, "परदेशात सर्वांत जास्त मान कशाला आहे? माझी शाळा मराठी माध्यमाची. चांगले प्रमाणपत्र मिळाले तर ही उणीव भरून निघेल का? आणि या वयात असा विचार करणे हा वेडेपणा तर नाही ना?"

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते सर्वांत सोपे आहे. वेडेपणा मुळीच नाही. प्रौढांना भाषा शिकवणाऱ्या वर्गात सत्तेचाळिशीचा शिक्षक कुणाला खटकत नाही, उलट कार्यालयात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना तो जवळचा वाटतो. कामाचा परवाना देताना काही देश वयाची मर्यादा पाहतात, आणि चीनसारख्या ठिकाणी ती साधारण साठीच्या आसपास असते; म्हणजे तिथेही तुमच्या हाती बराच काळ आहे. वयाची चिंता इथेच सोडून देऊ.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि त्यात एक गोष्ट शोधत राहिले. तीन कोर्सांची फी, कालावधी, जाहिरातींतील आश्वासने यांची तुम्ही बँकेतल्या माणसाला शोभेल अशी टिपणे काढली आहेत, पण संपूर्ण पत्रात एकाही देशाचे नाव नाही. सगळीकडे "परदेश" एवढेच आहे. जणू परदेश हे एकच ठिकाण आहे, त्याला एकच दार आहे, आणि योग्य प्रमाणपत्र दाखवले की ते उघडते. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या बहुतेकांची समजूत अशीच असते, आणि कोर्स विकणाऱ्यांना ती दूर करण्याची काही गरज वाटत नाही. प्रत्यक्षात इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीत तुमच्या हातातले पहिले प्रमाणपत्र म्हणजे तुमचा पासपोर्ट.

याचा अर्थ उदाहरणाने सांगते. दक्षिण कोरियात परदेशी भाषा शिक्षकांना जो ई-२ व्हिसा मिळतो, तो इंग्रजीसाठी मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. चीनमध्येही कामाच्या परवान्याचे नियम इंग्रजी मातृभाषा मानल्या जाणाऱ्या देशांच्या बाजूने झुकलेले आहेत. शिवाय २०२१ मध्ये तिथल्या सरकारने शालेय विषयांच्या खाजगी शिकवण्यांवर कडक बंधने आणल्यापासून तो बाजारच आक्रसला. जपानमध्ये शाळांत भाषा शिकवण्यासाठी जो व्हिसा लागतो, त्यासाठी ती भाषा माध्यम म्हणून घेऊन किमान बारा वर्षे शिक्षण झालेले असावे, अशी अट आहे. तुमची शाळा मराठी माध्यमाची असल्याने ही अट तुम्हाला थेट अडवते, आणि सेल्टाला उत्तम श्रेणी मिळाली तरी ती शिथिल होत नाही. हे न्याय्य आहे असे मी म्हणणार नाही. परंतु हा इमिग्रेशनचा नियम आहे, एखाद्या मुख्याध्यापकाचे मत नव्हे. त्याच्याशी वाद घालता येत नाही, म्हणून पैसे भरण्यापूर्वीच तो माहीत असलेला बरा.

मग भारतीय पासपोर्टवर काय उरते? मला दोन मोठे प्रदेश दिसतात. पहिला आग्नेय आशियाचा: व्हिएतनाम, थायलंड, कंबोडिया. इथे भारतीय आणि फिलिपिनो शिक्षक पुष्कळ आहेत. पदवी, अध्यापनाचे एखादे प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला आणि बऱ्याच ठिकाणी इंग्रजीच्या परीक्षेतले गुण, एवढ्यावर काम मिळू शकते. थायलंडमध्ये शाळेत शिकवायचे असेल तर तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट शाळेला तुमच्यासाठी मिळवावी लागते. त्याच वर्गासाठी ब्रिटिश वा अमेरिकन शिक्षकाला अधिक आणि आशियाई शिक्षकाला कमी पगार देण्याची प्रथा तिथे उघडपणे चालते, हेही मनाची तयारी म्हणून सांगून ठेवते. दुसरा प्रदेश आखाताचा. संयुक्त अरब अमिराती, ओमान, कतार, कुवेत, बहरीन, सौदी अरेबिया या देशांत सीबीएसईशी संलग्न शाळा आहेत, त्यांना भारतीय शिक्षक हवे असतात, आणि तिथे तुमचे भारतीयत्व अडचण ठरत नाही. पण या शाळा सेल्टा मागत नाहीत. त्या बी.एड. मागतात.

आता तुमचे तीन पर्याय या नकाशावर ठेवून पाहू.

सेल्टा हे केंब्रिजचे प्रमाणपत्र आहे आणि इंग्लंडच्या पात्रता आराखड्यात त्याची पातळी पाचवी आहे. किमान १२० तासांच्या या अभ्यासक्रमात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना, निदान दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर, शिकवावे लागते. तेव्हा प्रशिक्षक मागे बसून टिपणे घेत असतो आणि तास संपल्यावर सहप्रशिक्षणार्थींच्या समोर तुमच्या तासाची चिरफाड होते. त्याशिवाय अनुभवी शिक्षकांच्या तासांचे सहा तास निरीक्षण आणि चार लेखी निबंध असतात. अंतिम परीक्षा नसते. सगळे मूल्यमापन या रोजच्या कामावर होते. चार-पाच आठवड्यांच्या या मांडणीचे मूळ १९६२ साली लंडनमध्ये जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या दांपत्याने सुरू केलेल्या शिक्षक-प्रशिक्षण वर्गात आहे. अल्प काळात माणसाला वर्गात उभे राहण्याइतके तयार करणे हा त्याचा हेतू होता, आणि आजही या प्रमाणपत्राचे बळ आणि मर्यादा दोन्ही त्यातच आहेत. ते तुम्हाला वर्ग चालवायला शिकवते, विशेषतः प्रौढांचा. त्याने शाळेत शिकवण्याचा परवाना मिळत नाही.

ट्रिनिटी कॉलेज लंडनचे सर्ट-टीसॉल हे याच तोलाचे दुसरे प्रमाणपत्र आहे. त्यातही सहा तासांचे निरीक्षित अध्यापन असते, आणि शिवाय एक अपरिचित भाषा काही तास विद्यार्थी म्हणून शिकावी लागते. ही कल्पना मला फार आवडते. पहिल्या बाकावर बसून काहीच न कळण्याचा अनुभव प्रत्येक शिक्षकाने मधूनमधून घ्यायलाच हवा. मान्यतेच्या बाबतीत या दोहोंत नोकरी देणारे सहसा भेद करीत नाहीत. जे केंद्र आणि जे वेळापत्रक सोयीचे असेल ते निवडावे.

ऑनलाइन १२० तासांच्या कोर्सांविषयी अधिक सावधपणे बोलावे लागेल. टेफल हे कुणाच्या मालकीचे नाव नाही. कोणतीही संस्था तसे प्रमाणपत्र छापू शकते, आणि वर्षाचे बाराही महिने "आज रात्री बारापर्यंत नव्वद टक्के सूट" देणाऱ्या संस्था त्यातूनच निपजतात. तरीही ते सर्व निरुपयोगी आहेत, असे मी म्हणणार नाही. आग्नेय आशियातील काही ठिकाणी कामाच्या परवान्यासाठी फाइलमध्ये एक कागद लागतो आणि तेवढे काम तो करतो. काही कोर्स इंग्लंडच्या नियामकाकडे, म्हणजे ऑफक्वालकडे, नोंदलेलेही असतात आणि "लेव्हल ५" असे अभिमानाने सांगतात. ती नोंद सार्वजनिक आहे, पाच मिनिटांत पडताळता येते. मात्र पातळी पाचवी असली तरी त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर, कुणाच्या तरी नजरेखाली शिकवणे आहे का, हा प्रश्न विचारायचा राहतो, आणि उत्तर बहुधा नाही असे येते. जाणकार भाषासंस्था नेमके तेच विचारतात.

बी.एड. सध्या दोन वर्षांचे आहे आणि महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी द्यावी लागते. नोकरी सांभाळून दूरस्थ पद्धतीने ते करता येईल, असे तुम्ही गृहीत धरलेले दिसते. तसे होत नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू यांचे बी.एड. प्रामुख्याने आधीच शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आहे; बँकेतील अधिकाऱ्याला तिथे प्रवेश नाही. म्हणजे बी.एड. करायचे तर नोकरी सोडून, दोन वर्षे, पूर्ण वेळ. आणि इथे आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे: तुम्ही बी.कॉम. आहात. आखातातील शाळा इंग्रजीच्या शिक्षकाकडे साधारणतः इंग्रजी विषयातली पदवी आणि वर बी.एड. मागतात. बी.कॉम.वर बी.एड. केले तर तुम्ही स्वाभाविकपणे वाणिज्याच्या शिक्षिका व्हाल. अकरावी-बारावीला अकाउंटन्सी शिकवण्यासाठी सीबीएसई शाळा एम.कॉम. आणि बी.एड. पाहतात, आणि बावीस वर्षांचा बँकेचा अनुभव असलेली उमेदवार त्यांच्याकडे रोज येत नाही. हे ऐकून तुमचा विरस होईल की कुतूहल जागे होईल? माझ्या मते हा प्रश्न कोणत्याही फीच्या तक्त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. विरस झाला तर तुम्हाला इंग्रजी हवी आहे. कुतूहल वाटले तर तुम्हाला वर्ग हवा आहे, विषय कोणताही चालेल, आणि मग तुमची वाट निराळी आहे.

जाता जाता एवढेच, की "आंतरराष्ट्रीय पीजीसीई" (शिक्षकांसाठीचे पदव्युत्तर प्रमाणपत्र) असे काही कुणी सुचवले तर त्याने इंग्लंडमधील पात्र शिक्षकाचा दर्जा मिळत नाही, हे लक्षात असू द्या. भाषा शिकवण्यामागचा विचार नीट समजून घ्यावासा वाटला तर हैदराबादच्या इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीचे इंग्रजी अध्यापनाचे दूरस्थ अभ्यासक्रम आहेत. ही संस्था १९५८ पासून हेच काम करते आहे. परदेशी मालक तिचे नाव ओळखीलच असे नाही, पण शिकण्यासारखे तिथे पुष्कळ आहे.

आता त्या "उणिवे"विषयी. मराठी माध्यमाचा उल्लेख तुम्ही पत्रात तीन वेळा केला आहे, आणि तिन्ही वेळा क्षमायाचनेच्या सुरात. जपानची अट मी वर सांगितली. तिथे माध्यम खरोखर आडवे येते. त्या पलीकडे मात्र ही उणीव कुठे आहे, हे मला दिसत नाही. सेल्टाला प्रवेश देताना केंब्रिज तुमची मातृभाषा विचारत नाही. प्रवेशापूर्वीची लेखी प्रश्नपत्रिका आणि मुलाखत यांतून तुमचे इंग्रजी पुरेसे प्रगत आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या माणसाला हे नक्की ठाऊक असते की "आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स" असे विद्यार्थी का म्हणतो आणि ती सवय सोडायला त्याला किती काळ लागतो. लंडनमध्ये वाढलेल्या शिक्षकाला ते चूक आहे एवढे कळते. का चूक आहे, हे समजावताना त्याची पंचाईत होते. भांडुपच्या त्या मुली तुमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात, याचे एक कारण हेही असणार. उच्चारांची भीती असेल तर ती मुलाखतीपूर्वी काही महिने स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ऐकल्याने कमी होते. आयईएल्टीएससारखी इंग्रजीची परीक्षा मात्र आताच देऊ नका. तिचे गुण सहसा दोनच वर्षे ग्राह्य धरले जातात, म्हणून देश ठरल्यावर आणि तिथे ती लागते हे कळल्यावरच द्यावी.

तुमच्याच परिस्थितीतल्या इतर वाचकांनाही मी हाच क्रम सुचवेन. आधी दोन देश निवडा, तीन नकोत. त्या देशांतल्या शाळा आणि भाषासंस्थांनी दिलेल्या नोकरीच्या जाहिराती दोन-तीन महिने नियमाने वाचा आणि प्रत्येकीतली नागरिकत्वाची, पदवीची व प्रमाणपत्राची अट वहीत उतरवून ठेवा. कर्जाची फाइल तपासताना तुम्ही जे करता, तेच. त्यानंतर त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर व्हिसाचा नियम स्वतः वाचा. कोर्स विकणाऱ्याच्या तोंडून ऐकलेला नियम ऐकीवच समजावा.

याच काळात तुमच्या रविवारच्या तासाला एखाद्या अनुभवी इंग्रजी शिक्षकाला मागे बसायला बोलवा आणि त्याचे परखड मत घ्या. जमल्यास मुंबईतल्या एखाद्या रात्रशाळेत काही महिने शिकवून पाहा, कारण तिथले विद्यार्थी दिवसभर काम करून आलेले, दमलेले असतात आणि वर्गाला मनापासून आलेलेच असतात असे नाही. रविवारचे दोन तास आवडणे आणि आठवड्याला पंचवीस तास तेच करणे, त्यात अर्धा वर्ग शिकायला नाखूश असणे, वह्या तपासणे, पालकांच्या तक्रारी ऐकणे, यांत अंतर आहे. ते अंतर तुम्ही पार करू शकाल, असे पत्रावरून मला वाटते, परंतु हे तुम्हाला व्हिएतनाममध्ये नव्हे, मुंबईत असताना कळायला हवे. हे शिकवणे सध्या विनामोबदला ठेवा. बँकेचे आचारनियम परवानगीशिवाय दुसरे अर्थार्जन चालवून घेत नाहीत.

हे सगळे झाल्यावर, आणि आग्नेय आशिया किंवा प्रौढांची भाषासंस्था असा निर्णय पक्का झाला तर, माझा कौल सेल्टा किंवा ट्रिनिटीला आहे. दोन लाखांची रक्कम मोठी आहे, पण त्या पैशांत तुम्हाला कागदाबरोबर कुणीतरी पाहिलेले, दुरुस्त केलेले शिकवणेही मिळते, आणि या वयात चुकीच्या सवयी लवकर मोडणे हा मोठा फायदा आहे. त्यासाठी राजीनामा देण्याची गरज नाही. साठलेल्या हक्काच्या रजेत महिनाभराचा कोर्स बसतो, किंवा अनेक आठवड्यांचा अर्धवेळ, ऑनलाइन सेल्टाही करता येतो. फक्त पूर्णवेळ कोर्सच्या महिन्यात घरातले काहीही तुमच्याकडून होणार नाही, हे यजमानांना आणि मुलीला आधीच सांगून ठेवा. रात्री बारापर्यंत पाठाची टाचणे लिहिणे हा तिथला नित्यक्रम असतो.

बँकेतल्या अनुभवाला तुम्ही पत्रात ओलांडायची गोष्ट मानले आहे, याचे मला आश्चर्य वाटते. व्यवसायासाठी लागणारे इंग्रजी, त्यातही वित्तक्षेत्राचे, शिकवणारे शिक्षक कमी आहेत. लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे काय, हे ज्याला प्रत्यक्ष माहीत आहे असा भाषाशिक्षक हो ची मिन्ह सिटीतल्या एखाद्या बँकेच्या कर्मचाऱ्यांना किती उपयोगी पडेल! तुमच्या अर्जाची पहिली ओळ हीच असायला हवी. हेच काम निवृत्तीनंतर मुलुंडमधून ऑनलाइनही करता येते, आणि त्याला व्हिसा लागत नाही. सासूबाईंची प्रकृती किंवा मुलीची पुढील वाट यांमुळे जाणे लांबले, तर हा पर्याय हाताशी ठेवा.

पैशांची बाजू तुम्हाला मी काय सांगावी! तरी एक मुद्दा लिहिते, कारण उत्साहाच्या भरात माणसे राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांत गल्लत करतात. तुम्ही २०१० पूर्वी लागलेल्या असल्याने १९९५ च्या पेन्शन विनियमांत येता, आणि वीस वर्षांची पात्र सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, पेन्शनसह. साधा राजीनामा दिला तर ते पेन्शन गमावण्याची वेळ येते. निवृत्तीनंतर ठरावीक काळात दुसरी नोकरी धरण्यासाठी बँकेची परवानगी लागते का, हे तुमच्या श्रेणीसाठी मनुष्यबळ विभागाकडून लेखी घ्या. परदेशी शिक्षकाचा पगार बेताचा असला, तरी मागे दरमहा पेन्शन येत असेल तर तुमची निवड अधिक मोकळी होते. पहिली मिळेल ती शाळा धरावी लागत नाही.

एजंटांविषयी थोडे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो, आणि उमेदवाराकडून तो जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेऊ शकतो. परवाना खरा आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते, आणि शंका असेल तर वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात चौकशी करता येते. "पर्यटक व्हिसावर या, तिथे आल्यावर बदलून देऊ" असे म्हणणारी शाळा कितीही चांगली वाटली तरी तिथेच थांबा. पदवीच्या प्रमाणपत्राचे साक्षांकन आधी राज्य शासनाकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, आणि देश अपोस्टिल करारात (एकमेकांचे दाखले एकाच शिक्क्यावर मान्य करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात) नसेल तर त्याच्या दूतावासाकडूनही करावे लागते. याला कित्येक आठवडे जातात, म्हणून विद्यापीठाचे मूळ पदवी प्रमाणपत्र आजच कपाटातून काढून त्यावरचे आणि पासपोर्टवरचे नाव एकच आहे का, ते पाहा. लग्नानंतर नाव बदललेल्या आपल्याकडच्या बायकांची फाइल बहुतेक वेळा इथेच अडते. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद तयार ठेवा, आणि स्वेच्छानिवृत्तीची तीन महिन्यांची नोटीस करारपत्रावर सही होऊन कामाचा व्हिसा मंजूर झाल्याचे कळेपर्यंत देऊ नका. रुजू होण्याची तारीख ठरवतानाच शाळेला हे तीन महिने सांगून ठेवा.